प्रेषिताचा टोमणा

या, असे सरकून जवळ बसा. लांब बसलात तर आवाज पोचेल, पण गोष्टीतला चिमटा पोचायचा नाही. ही गोष्ट शिवणकाम करणाऱ्या एका बहिणीची. केस पिकले तरी घरात ती धाकटीच राहिली, कारण वर थोरला होता ना, दादा!

दादा दर रविवारी चर्चमध्ये बायबलातली, प्रेषिताने आपल्या मंडळींना लिहिलेली पत्रं वाचून दाखवायचा. हा प्रेषित जीव लावणारा, पण आपली माणसं फुगलेली दिसली की असा टोमणा हाणायचा: तुमचं काय बाबा, तुम्ही तर राजेच झालात, आम्ही हवेत कशाला! दादा ते वाचू लागला की मंडळी आधी खुदकन हसायची आणि मग मान खाली घालायची. तो सूर त्याला शिकावा लागलाच नव्हता. घरातही तेच. "उठलात का राणीसरकार? सूर्य केव्हाचा ताटकळलाय." चहाचा घोट घेऊन म्हणायचा, "वा! पाणी छान गरम केलंस." धाकटीला कधी राग आला नाही. कापड उलट्या बाजूने शिवून मग सुलट करायचं असतं, हे तिच्या हातालाच ठाऊक. दादाचं बोलणंही ती तसंच उलटवून घ्यायची. आत माया असायची.

मग दादाला झटका आला. वाचा गेली. पुष्कळ महिन्यांनी परत आली, पण अगदी सरळ होऊन. चहा दिला की म्हणायचा, "आभारी आहे."

"आजारपणाने किती गोड झालेत हो!" शेजारीण म्हणाली.

धाकटी मशीनवर वाकून नुसतं "हं" म्हणाली. आभार मानतो तो पाहुणा. तिला आपला दादा हवा होता.

एके दिवशी चर्चचे पाळक म्हणाले, "ताई, या रविवारी पत्र तुम्ही वाचा. दादांना पुढच्या बाकावर बसवू."

वाचन नेमकं त्याच टोमण्याचं. आठवडाभर मशीनच्या खडखडाटात तिने दादाचा सूर घोटला. पण उभी राहिली, समोर तो दिसला आणि आवाजात सगळी माया उतरली. टोमणा तोंडातून बाहेर पडला तो आशीर्वाद होऊन. तुम्ही राजे झालात!

"आमेन!" मंडळी भक्तिभावाने म्हणाली. सुतारकाका तर जरा जास्तच जोरात. पाळकांनी कपाळावर हात मारून घेतला नाही, एवढंच.

घरी येऊन तिने चहा केला आणि कप त्याच्यापुढे ठेवला. "चुकलं रे दादा माझं."

दादाने कप उचलला. मग ओठाचा कोपरा हलला. "वा," तो अडखळत म्हणाला, "सगळ्यांना... मुकुट वाटून आलीस. एखादा... घरी आणायचास."

धाकटी हसत सुटली. इतकी, की अर्धवट शिवलेल्या बाहीनेच डोळे पुसावे लागले. मग हळूच, श्वास धरून तिने विचारलं, "आणि चहा रे? चहा कसा झालाय?"

त्याने घोट घेतला. "छान आहे. आभारी आहे."

तेव्हापासून धाकटी चहा मुद्दाम पांचट करते आणि कप त्याच्या हाती देऊन तिथेच उभी राहते.

उद्या तुमच्या घरात कुणी चहाला नावं ठेवली, तर रागावू नका. त्या उभ्या असलेल्या धाकटीची तेवढी आठवण काढा.