मी घाटातच का अडत होते

मी एक जुनी पांढरी मोटार आहे. पांढरी हे आता फक्त कागदावर. माझ्या दारांच्या कडा गंजल्या आहेत, बंपरला दोन ठिकाणी तार बांधली आहे आणि मागच्या काचेवर लाल अक्षरांत 'रक्त तपासणी नमुने' असं लिहिलं आहे. मित्रांनो, म्हसळ्याहून माणगावला जाताना सकाळी नऊच्या सुमारास तुम्ही मला पाहिलं असेल. माझी गोष्ट ऐकून हळहळू नका. मला कीव नको आहे. माझ्यावर एक आरोप झाला होता आणि तो खोटा होता, एवढंच मला सांगायचं आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी चकचकीत होते. पनवेलच्या एका कुटुंबाने मला घेतलं. पहिल्या दिवशी गळ्यात झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू आणि बॉनेटवर हळदकुंकवाचं स्वस्तिक. पुढे त्यांनी अलिबागजवळ समुद्रकाठी बंगला बांधला आणि मला तिथेच ठेवलं. शनिवार-रविवारी ते यायचे, मला बाजारापर्यंत न्यायचे, पुन्हा सुरूच्या झाडाखाली उभं करायचे. नंतर तेही कमी झालं. खाऱ्या वाऱ्यात मी महिनोन् महिने उभी असायची. एकदा उंदरांनी माझ्या बॉनेटखाली घर केलं आणि वायरी कुरतडल्या. कोणीतरी घाईघाईने येऊन तुटलेली वायर पिळून जोडली, वरून काळी टेप गुंडाळली आणि निघून गेला. मी पुन्हा चालू झाले. तेवढंच सगळ्यांना हवं होतं.

मग मला सोनलने घेतलं.

सोनल म्हसळ्याच्या आतल्या बाजूच्या एका खेड्यातली. नवरा रितेश रोह्याला कंपनीत कामाला, आठवड्याने घरी येणारा. घरी सासरे अंबाजी, सासू कोकिळा आणि भातशेती. सोनल प्रयोगशाळेचं शिक्षण घेतलेली होती. ज्या म्हाताऱ्यांना तालुक्याला जाणं जमत नाही, त्यांच्या घरी जाऊन ती रक्त काढायची आणि नळ्या बर्फाच्या पेटीत ठेवून माणगावच्या प्रयोगशाळेत पोचवायची. पहाटे निघून दिघीपर्यंतची गावं, मग म्हसळा, मग घाट आणि साडेदहाच्या आत माणगाव. उशीर झाला की रक्त खराब होतं. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मला कोणीतरी वेळ पाळायला लावली, आणि मला ते आवडलं.

दीड वर्ष मी एकदाही थांबले नाही. मग एका सप्टेंबरात घाटाच्या तिसऱ्या वळणावर मला झटका बसला.

मित्रांनो, माझ्या इंजिनात चार सिलिंडर आहेत. शिमग्याची पालखी चौघांनी उचलावी तसं ते काम चालतं. चौघांपैकी एकाने अचानक खांदा काढला तर पालखीचं काय होईल? माझं तेच झालं. तिसरा सिलिंडर पेटेनासा झाला. मी थरथरले, धक्के खाल्ले, समोर पिवळा दिवा लागला. गॅरेजवाले याला 'मिसिंग' म्हणतात. सोनलने मला कडेला घेतलं. दहा मिनिटांनी चावी फिरवली, तर मी अगदी शहाण्यासारखी सुरू झाले. पुढच्या चढावर पुन्हा तेच. त्या दिवशी आम्ही दोन तास उशिरा पोचलो आणि अकरा नळ्या फेकून द्याव्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी सोनल त्या अकराही घरी पुन्हा गेली. रावजी नावाचे नव्वदीचे आजोबा ओट्यावर बसले होते. तिने माफी मागायला तोंड उघडलं, तोवर त्यांनी बाही वर केली.

"काढ पोरी," ते म्हणाले. "हाय अजून थोडं."

माणगावच्या एका मोठ्या गॅरेजात मला नेलं. तिथे मी तासभर उभ्या उभ्या चालले, एक झटका नाही. त्यांनी माझे प्लग बदलले, ठिणगी देणारी कॉइलही नवी घातली. चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी पुन्हा तिसरं वळण. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी गॅरेजचा मालक हात पुसत बाहेर आला.

"मॅडम, गाडीत काही नाही. तुम्ही चढावर अर्धा क्लच दाबून ठेवता. बायकांची सवयच असते ती."

"कधी कधी होतं, ते मी लिहून ठेवलंय," सोनल म्हणाली आणि पर्समधून वही काढली. "ही बघा."

त्याने वहीकडे पाहिलंही नाही. "लिहून गाडी बरी होत नसते. एक तर इंजिन खोलू द्या, नाहीतर भंगारात काढा. जुन्या गाड्या नखरे करणारच."

नखरे. मी. जिने दीड वर्षात एकही सकाळ चुकवली नव्हती, ती. माझ्या हातात असतं तर मी त्याच्या तोंडावर हॉर्न वाजवला असता. सोनलने हात पुढे केला.

"चावी द्या माझी," ती म्हणाली. बास. तेवढंच.

प्रयोगशाळेनेही तिला बजावलं होतं. आणखी एकदा नमुने वाया गेले तर हा मार्ग दुसऱ्या कोणाला देऊ. रितेश फोनवर म्हणाला, विकून टाक. सोनलने ऐकून घेतलं आणि वहीत लिहीत राहिली. आज पाऊस होता, झालं नाही. आज ऊन होतं, झालं. आज रिकामी होती, तरी झालं. दिघीच्या जेटीवरून वर येताना झालं. माणगावहून परतताना कधीच नाही.

त्याच वहीच्या मागच्या पानावर ती आणखी एक गोष्ट लिहीत होती. कोकिळाला अधूनमधून घेरी यायची. भात निवडता निवडता ती एकदम पांढरी पडायची, हातातलं सूप सुटायचं, आणि दहा आकडे मोजेपर्यंत पुन्हा नीट. म्हसळ्याच्या डॉक्टरांनी दोनदा तपासलं. हृदयाच्या ठोक्यांची पट्टी काढली, काही निघालं नाही. अंबाजी चिडायचा.

"काम निघालं का हिला घेरी येती," तो अंगणात सगळ्यांदेखत म्हणाला. "डाक्टर बोलतो काय न्हाय. निसतं नाटक हाय."

 मी अंगणातच उभी होते. कोकिळाने माझ्या बॉनेटवर हात टेकला आणि उभी राहिली, पुन्हा कामाला लागेपर्यंत. तो हात थंडगार होता.

पुढच्या रविवारी सोनल मला म्हसळ्याच्या टोकाला अनंताकडे घेऊन गेली. अनंता गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचा. पत्र्याची एक शेड, एक टेबल, बस. त्याने मला हात लावण्याआधी वही मागितली. स्टुलावर बसून त्याने चार पानं वाचली, दोन वेळा.

"पावसाचा संबंध नाही, उन्हाचा नाही," तो म्हणाला. "फक्त चढ. ताई, चढावर गाडी काय करते?"

"जोर लावते."

"आणि जोर लावला की इंजिन जागच्या जागी मागे कलतं. जरासंच. उभ्या गाडीत ते कलत नाही, म्हणून गॅरेजात हिला काही होत नव्हतं."

मित्रांनो, इतके महिने मी हेच ओरडून सांगत होते.

त्याने माझं बॉनेट उघडलं. तिसऱ्या सिलिंडरची कॉइल पहिल्याला लावली आणि पहिल्याची तिसऱ्याला. मग तपासणीचं यंत्र जोडून तो बाजूला सरकून उभा राहिला. "ब्रेक गच्च दाबा, हँडब्रेक ओढा. पहिला गिअर टाका आणि क्लच अर्धा सोडा. अर्धाच. गाडी हलता कामा नये, बंदही पडता कामा नये."

सोनल जरा थांबली. मग तिने क्लच सोडला, केसभर, आणखी केसभर. मी पुढे जायला धडपडले, ब्रेकने मला धरून ठेवलं, आणि माझं इंजिन घाटात कलतं तसं मागे कललं. लगेच तो झटका बसला. शेड थरथरली.

"तिसराच," यंत्राकडे बघत अनंता मोठ्याने म्हणाला. "कॉइल बदलली तरी तिसराच. म्हणजे वायर. धरून ठेवा ताई, असंच."

त्याने तिसऱ्या कॉइलकडे जाणाऱ्या वायरीवरून बोट फिरवत नेलं. एका जागी ती वायर ताणून तारेसारखी झाली होती. त्याने ती किंचित सैल केली. माझा थरकाप थांबला. पुन्हा ताणली, पुन्हा सुरू झाला. मग त्याने गाडी बंद करायला सांगितली आणि टेप सोडली. आत तीच पिळलेली जोड होती, अलिबागच्या बंगल्यावरची. खाऱ्या हवेने तांबं हिरवं पडलं होतं, धागे तुटले होते, दोन-तीन उरले होते. वायर मुळात आखूड झालेली. इंजिन कललं की ते उरलेले धागेही सुटायचे, सरळ झालं की चिकटायचे.

"उंदरांनी कुरतडलं आणि माणसाने झाकलं," अनंता म्हणाला. त्याने तेवढा तुकडा कापून टाकला, लांब वायर घातली, कथलाचा डाग देऊन जोडली आणि इंजिनाला कलायला पुरेल असा सैल वळसा ठेवला. तासाभराचं काम. मग सोनलकडे बघून म्हणाला, "क्लच झकास आहे तुमचा."

त्या सोमवारी मी घाट चढले. तिसरं वळण, चौथं, माथा. आम्ही सव्वादहाला माणगावात होतो.

नळ्या दिल्यावर सोनल तिथल्या एका डॉक्टरांकडे गेली आणि वहीचं मागचं पान त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी ते पूर्ण वाचलं. दोन दिवसांनी कोकिळाला मी घाट चढवून नेलं आणि तिच्या छातीला एक छोटं यंत्र लावलं गेलं, पूर्ण दिवस आणि रात्र नोंद ठेवणारं. त्यात सापडलं. तिचं हृदय मध्येच थांबत होतं, एकदा तर सहा सेकंद. मग पुन्हा नीट चालायचं, जणू काही झालंच नाही. मुंबईच्या इस्पितळात तिच्या खांद्याखाली, त्वचेच्या आत, ठोका चुकू न देणारं यंत्र बसवलं.

तिला घरी आणलं तेव्हा अंबाजी मागच्या सीटवर तिच्या शेजारी बसला होता. घाट उतरून म्हसळा आला.

"मी तुला नाटकी बोललो," तो तिला म्हणाला.

"बोललात व्हय," कोकिळा म्हणाली. "चारचौघात बोललात. आता चारचौघातच सांगा का मी खोटी नव्हती."

त्याने सांगितलं. त्याच संध्याकाळी, अंगणात, शेजारीपाजारी जमले असताना. मी तिथेच उभी होते. मी ऐकलं.

आता माझं वय चौदा आहे. अजूनही कोणीतरी काचेवर बोटं वाजवून सोनलला विचारतं, हे भंगार कधी काढणार? ती गिअर टाकते. मी चढते. मित्रांनो, मला हार घालू नका, पॉलिश करू नका. मोटार असो की माणूस, कोणी 'मला कधी कधी होतं' म्हणालं, तर कधी ते विचारा आणि लिहून घ्या. झाकण उघडा, वायरीवरून बोट फिरवा, जोर लावायला सांगून पाहा. आणि एवढं करूनही सापडलं नाही, तर 'मला सापडलं नाही' असं म्हणा. 'ही खोटी आहे' असं म्हणू नका.