यंत्रात दोष नाही

यंत्र येऊन तीन आठवडे झाले होते आणि तेवढ्या काळात ताईंनी दुरुस्तीवाल्याला तिसऱ्यांदा बोलावलं होतं. ताई म्हणजे मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या मदतनीस. अकरा वर्षं तिथं नोकरी. किल्ल्या, कागद, चहाची किटली, सगळं त्यांच्याच ताब्यात. संशोधन चालायचं ते कल्पनाशक्तीवर, म्हणजे माणसं मिटल्या डोळ्यांनी काय बघतात यावर. ऐकायला मोठं गोड वाटतं. करायला बसलं की खुर्च्या पुसणं, आलेल्यांना बसवणं आणि तेच ते प्रश्न वाचून दाखवणं, एवढंच उरतं.

"डोळे मिटा. जवळच्या माणसाचा चेहरा डोळ्यांसमोर आणा. किती स्पष्ट दिसतो? एकपासून पाचपर्यंत गुण द्या."

झोपेतून उठवलं असतं तरी ताईंनी हे घडाघडा म्हणून दाखवलं असतं. नोकरीला लागल्या तेव्हा सरावासाठी त्यांनीही तो कागद भरला होता. सगळीकडे पाच. नवऱ्याचा चेहरा मला ठाऊक नसेल तर कुणाला असेल, असा त्यांचा साधा विचार. लोक मात्र कपाळाला आठ्या घालून दोन-दोन मिनिटं बसायचे आणि मग तीन द्यायचे. ताईंना वाटायचं, काही लोकांना उगाच नखरे करायची सवय असते.

नवं यंत्र गुण मागत नव्हतं. चौकटीवर हनुवटी टेकवायची, समोर पडद्यावर झगझगीत पांढरा चौकोन उमटायचा आणि कॅमेरा डोळ्याची बाहुली मोजायचा. उजेडानं बाहुली आकसते, शेजारच्या पडद्यावरची रेघ खाली येते. मग चौकोन जायचा आणि तो नुसता मनात आणायचा. ज्याला तो मनात दिसतो त्याची बाहुली पुन्हा थोडी आकसते. यंत्र नीट चालतंय ना हे बघायला रोज पहिली चाचणी ताईंनी स्वतःच्याच डोळ्यावर घ्यायची, असा नियम. आणि रोज तेच. खऱ्या उजेडाला रेघ खाली, मनातल्या उजेडाला ढिम्म. मग ताई वहीत 'यंत्र बिघडलं आहे' असं लिहायच्या आणि आलेल्यांना परत पाठवायच्या. आलेल्यांपैकी कुणाचीही चाचणी झाली नव्हती आणि विभागप्रमुख बाईंचा आवाज रोज एक पट्टी वर चढत होता.

ताईंना याचा राग यायला हवा होता, पण राग यायलाही अंगात त्राण लागतं. नवरा जाऊन आठ महिने झाले होते. घरी त्या आणि सासूबाई, दोघीच. सासूबाई संध्याकाळी खिडकीपाशी बसायच्या, डोळे मिटायच्या आणि मुलाला बघायच्या. तो समोर उभा असल्यासारख्या हसायच्या, रडायच्या, आणि मग डोळे पुसत सुनेला विचारायच्या, "तुला दिसतो का गं?"

"दिसतात ना," ताई भाजी निवडता निवडता म्हणायच्या.

"मग तुझ्या डोळ्याला पाणी कसं नाही?"

सुनेचं काळीज दगडाचं आहे, असं सासूबाई शेजारणीला म्हणाल्या होत्या आणि ते ताईंच्या कानावर आलं होतं. वाईट याचं की आता त्यांनाही तसंच वाटायला लागलं होतं. सव्वीस वर्षांचा संसार, आणि डोळे मिटले की नुसता अंधार. माया होती तरी का?

दुरुस्तीवाला आला तो गुडघे चोळतच. "ताई, याचं पोट मी दोनदा उघडलंय. आत काही नाही."

"मग रेघ का हलत नाही?"

"सरका." त्यानं स्वतःच हनुवटी टेकवली. चौकोन आला, गेला. पडदा करडा झाला आणि रेघ हळूच खाली उतरली. खऱ्या उजेडाइतकी नाही, पण चांगली बोटभर.

"काय केलंत तुम्ही?"

"काय करणार? तो चौकोन परत बघितला."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? इथे, डोळ्यांपुढे." तो हसायला लागला. "नाचता येईना अंगण वाकडं, ताई!"

ताई हसल्या नाहीत. "म्हणजे खरंच दिसतो? पांढरा?"

त्याचं हसू थांबलं. "तुम्हाला नाही दिसत?"

"काहीच नाही. कधीच नाही."

"अहो, अकरा वर्षं लोकांना हेच विचारताय ना?"

"मला वाटायचं, आठवलं की झालं."

त्यानं डोकं खाजवलं, कागदावर 'यंत्रात दोष नाही' असं लिहिलं आणि ताईंची सही घेतली. दारात मात्र थबकला. "माझ्या बायकोला एकाही गाण्याची चाल ओळखता येत नाही. चाललाय की संसार," म्हणाला आणि गेला.

संध्याकाळी सासूबाईंनी रोजचा प्रश्न विचारला.

"नाही, आई," ताई म्हणाल्या. "मला दिसत नाहीत. होते तेव्हाही घराबाहेर पडले की दिसायचे नाहीत. मला कुणीच दिसत नाही. डोळे मिटले की तुम्हीसुद्धा गेलात. माझ्या डोक्याची घडणच तशी आहे. आज कळलं." एवढं बोलूनच त्या दमल्या. आता काय ऐकावं लागतंय म्हणून भाजीकडे बघत राहिल्या.

सासूबाई खिडकीकडून तिच्याकडे वळल्या. "मग तुझ्यापाशी त्याचं आहे तरी काय?"

हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. ताई प्रश्न वाचून दाखवतात त्याच सपाट आवाजात सांगायला लागल्या. "जिन्यात चौथ्या पायरीवर थांबायचे. दम लागलाय हे कळू नये म्हणून किल्ल्या शोधायचं सोंग करायचे. चष्म्याची काडी चावायचे. दाढी करताना उजव्या जबड्याखाली एक पट्टा राहायचाच. डाव्या भुवईत दोन पांढरे केस आले होते. कापू का म्हटलं तर नको म्हणाले."

"पांढरे केस? भुवईत?"

"हो."

सासूबाईंनी डोळे मिटले आणि लगेच उघडले. "मला तो सात वर्षांचाच दिसतो गं. पुढचा दात पडलेला. रोज तोच येतो. हा एवढा मोठा, माझ्या देखत गेलेला, तो काही केल्या येत नाही. कुणाला सांगू? आई असून पोराचं तोंड विसरली म्हणतील."

ताईंनी भाजी बाजूला सारली आणि खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. सासूबाईंनी सुनेचं मनगट धरलं आणि पुन्हा डोळे मिटले.

"सांग. सावकाश सांग."

"डावी भुवई," ताई म्हणाल्या. "तिच्यात दोन पांढरे केस. नाकाच्या बाजूला."

आणि आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. सासूबाईंना ते दिसलं नाही. त्या आपल्या मुलाकडे बघत होत्या.