कुलूप नव्हे, कळ

फारुखभाईंचं इंग्रजी तीन शब्दांचं. लॉक, स्टॉक, बॅरल. मलकापुरात शेतकऱ्यांच्या परवान्याच्या बंदुका दुरुस्त करता करता ते तोंडी बसलेले. लेक अलफिया शाळेत जायच्या आधीच ते त्यांच्याकडून शिकली होती.

आज खामगावच्या एका कॉलेजात इंग्रजी वाक्प्रचारांची स्पर्धा होती आणि अलफिया शेवटच्या दोघींत उरली होती. फारुखभाई मागच्या बाकावर जीव मुठीत धरून बसले होते. 'फ्लॅश इन द पॅन'चा अर्थ तिनं "फुसका बार" असा सांगितला, तेव्हा हॉल खो खो हसला आणि गुणही मिळाले. आता एकच प्रश्न. 'लॉक, स्टॉक अँड बॅरल' म्हणजे सगळंच्या सगळं. पण ते आलं कुठून?

दुसरी प्रतीक्षा, इथल्याच कापसाच्या जिनिंगवाल्यांची पोर. ती पटकन म्हणाली, "गोदामाचं कुलूप, आतला माल अन् तेलाचं बॅरल!"

परीक्षक सहदेव सरांनी मान डोलावली. त्यांच्या कागदावर तेच होतं. सरकी आणि तेलावर पोसलेल्या गावाला दुसरं सुचणार तरी काय!

"नाही सर," अलफिया म्हणाली. "हे बंदुकीचे तीन भाग हायेत. लॉक म्हणजे घोड्याची कळ, जिच्यानं बार उडते. स्टॉक म्हणजे लाकडी दस्ता, बॅरल म्हणजे नळी. तिन्ही आले का बंदूक पुरी."

"कोण्या पुस्तकात हाय हे?" सरांनी विचारलं. कुणीतरी फिसकन हसलं.

फारुखभाईंचे कान तापले. आपल्या दुकानातल्या शब्दांनीच पोरीचा घात केला, असं त्यांना वाटलं. राहू दे बेटा, बस खाली, असं ते मनातल्या मनात म्हणत राहिले.

"पुस्तकात नाही सर, माह्या अब्बाच्या दुकानात," ती आवाज न पाडता म्हणाली. "ते मागं बसले हायेत. त्याहिले विचारा."

सरांनी फारुखभाईंना पुढे बोलावून हातात खडू दिला. चौथीत शाळा सुटलेला माणूस कॉलेजच्या फळ्यापुढे उभा राहिला. पहिली रेघ त्यानं जपून ओढली. पण नळी उमटली आणि मग हात थांबेना. घोडा आला, चाप आला, दस्त्याचा बाकही आला.

सरांनी फळा निरखला. मग मोबाईलवर शब्दकोश काढून बराच वेळ वाचला, आणि आपल्या कागदावरचं उत्तर पेनानं खोडलं.

"माहंच चुकलं," ते सरळ म्हणाले. सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली ती प्रतीक्षानं.

"फारुखभाई, इंग्रजी कुठं शिकले तुम्ही?" सरांनी विचारलं.

"मले कुठं येते इंग्रजी, सर," फारुखभाई म्हणाले. "मले बंदूक येते. इंग्रजीत तिची बाजू मांडाले माही पोरगी हाय."