दोन बोटांची धाव

वऱ्हाडात त्या सालांत कापसानं भल्याभल्यांची डोकी फिरवली होती. विलायतेहून मागणी सुटली, आणि काल चटणी-भाकर खाणारे बैलांच्या शिंगांना चांदी मढवू लागले. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, छकडा पळवायचा तर चाकावरची लोखंडी पट्टी, म्हणजे धाव, दोन बोटंच रुंद हवी, हेही खूळ तेव्हाचंच. अरुंद धाव कठीण जमिनीवर वाऱ्यासारखी पळते, हे खरं. पण ही काळी माती! वरून वाळते, आत ओली राहते.

तिवस्याचा चंद्रभान अशाच धावेवर गेला. अमरावतीजवळच्या पटात चाक मातीत रुतलं, छकडा उलटला आणि तो खाली सापडला. अवकाळी पावसानं गावची वाट बुडाली होती, म्हणून थोरल्या भावानं, नत्थुजीनं, त्याला तिथंच नाल्याकाठी अग्नी दिला.

दहाव्याच्या रात्री रिवाजाप्रमाणे माजघरात पीठ पसरून वर टोपलं झाकलं. मेलेला कुठल्या जन्माला गेला, ते पिठातल्या पावलांवरून कळतं म्हणतात. सकाळी टोपलं उचललं, तर ना पाखराचा पाय, ना मुंगीची ओळ. पिठात एक सरळ रेघ होती, दोन बोटं रुंद.

"त्याचा जीव पटातच अटकला," नत्थुजी म्हणाला. "त्याच धावेवर मी त्याचा पट पुरा करीन."

मग ती रेघ सारवलेल्या अंगणातही उमटू लागली. चंद्रभानची बायको जमुना रोज सकाळी अंगण सारवी, आणि दुसऱ्या दिवशी रेघ पुन्हा हजर. नत्थुजीची झोप उडाली. भावाला अजून सुटका नाही, हे त्याला खायला उठे.

पुढच्या वर्षीच्या पटाच्या आदल्या दिवशी पुन्हा पाऊस पडला. नत्थुजीनं शेतात टाच दाबली, तर खड्ड्यात पाणी आलं. अरुंद धाव म्हणजे मरण, हे त्याला कळत होतं. तरी त्यानं चंद्रभानची जुनी धाव तापवून चाकांवर चढवायला गोवऱ्या रचल्या.

जमुना जेठासमोर कधी तोंड उघडत नसे. त्या दिवशी ती पदर सावरून पुढं आली.

"भाऊजी, पिठातली रेघ कोणीकडं गेली होती?"

"चुलीकडं. काहून?"

"पटाले जानारा मानूस घराबाहीर निघते. थे तर आत येऊन रायले होते. अंगनातली रेघबी दाराशीच येऊन थांबते. तुमी त्याइले तिकडंच जाळून आले, भाऊजी. घरी आनलंच नाई."

नत्थुजीनं जुनी धाव बाजूला सारली. वर्षभर डोळ्यांसमोर असून आपल्याला दिसलं नाही, याची त्याला लाज वाटली. मग त्यानं चाकांवर ओझ्याच्या गाडीची, चार बोटं रुंद धाव चढवली.

दुसऱ्या दिवशी पटाच्या मैदानात चांदीवाले खदाखदा हसले. "नत्थुजी, कापसाची पऱ्हाटी वाहाले आला का गा?"

त्यानं पट संपू दिला आणि जिथं छकडा उलटला होता, तिथं बैल उभे केले.

"चाल रे चंद्रभान. घरी जेवन वाढून हाये."

मागची फळी करकरली. बैलांच्या माना खाली गेल्या. चाकं दबली, पण रुंद धावेनं ओझं पेललं. नत्थुजीनं बैल घराकडं वळवले. तिवस्यापर्यंत त्यानं एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

जमुना दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती. तिनं तो रिकाम्या छकड्यावरून ओवाळून टाकला आणि आत जाऊन ताट वाढलं. अंगणात चाकोरी उमटली होती, भरल्या गाडीसारखी खोल.

सकाळी नत्थुजी उठून बाहेर आला. रात्री जमुनानं सारवलेलं अंगण कोरं होतं. रेघ नव्हती. वर्षानं त्याला मोकळा श्वास आला.

"सुटला गा माझा भाऊ," तो म्हणाला.

जमुना उंबऱ्यावर बसली होती. नवरा गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

"तुमचा सुटला, भाऊजी," ती म्हणाली. "मी आता सकाळी उठून काय पाहू?"