मी अवेळी आलो का?

सिरिल ओल्डरॉइडच्या तोंडावर मी सात वर्षं दर गुरुवारी दार आपटलं. मला पगारच त्याचा मिळायचा.

दार नाटकी होतं, आपटणं मात्र खरं. चौकटीत बसवलेलं, चाकांवर ढकलत आणायचं दार. एका बाजूला कडी, दुसऱ्या बाजूला पितळी ठोकणी. रेडिओवरच्या त्या घरात कोणीही आलं-गेलं तरी दार माझ्या हातचं असायचं. पावलं, पाऊस, फुटणाऱ्या बश्या, जिन्यावरून गडगडणारी माणसं, सगळे आवाज माझेच. फक्त मांजर टेडी स्वतः काढायचा, आणि फार वाईट काढायचा.

टेडी फॅरो हा आमचा मुख्य नट. कार्यक्रमाचं नाव 'सी व्ह्यू'. समुद्रकाठच्या गावातलं एक गेस्ट हाऊस, ज्याच्या एकाही खिडकीतून समुद्र दिसत नाही, आणि टेडी त्याचा मालक. दर आठवड्याला त्याच्या डोक्यावर काहीतरी कोसळायचं. कधी छत, कधी आरोग्य खात्याचा साहेब, कधी सासू. गोंधळ अगदी टिपेला पोचला की दारावर टकटक व्हायची. मी दार उघडायची. बाहेर सिरिल. अतिशय सभ्य आवाजात विचारायचा, "मी अवेळी आलो का?" टेडी किंचाळायचा, "हो!" मी धाडकन दार आपटायची. सिरिलचं काम संपलं. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात त्याचं हे एवढं एकच वाक्य.

पण त्या वाक्यावर लंडनपासून ॲबर्डीनपर्यंत लोक खुर्चीतून खाली पडायचे. शाळेत पोरं उशिरा आली की तेच म्हणायची. पार्लमेंटातही कोणीतरी म्हटलं होतं म्हणे. हशासाठी टेडीला अर्धा तास घसा फोडून बोलावं लागायचं आणि सिरिल एका वाक्यात हशा घेऊन निघून जायचा, म्हणून टेडी त्याच्यावर थोडा जळायचासुद्धा.

याचा परिणाम असा झाला की सिरिलला गंभीरपणे काही बोलणंच अशक्य झालं. त्याच्या घराच्या धुराड्याला आग लागली तेव्हा त्यानं बंबवाल्यांना फोन केला. पलीकडचा माणूस इतका हसला की त्यानं चार सहकाऱ्यांना बोलावून फोन ऐकवला. बंब येईपर्यंत शेजाऱ्यांनीच बादल्या ओतून आग विझवली होती. त्याच्या घरमालकिणीच्या नवऱ्याच्या अंत्यसंस्काराला तो जरा उशिरा पोचला. चर्चचं जड दार त्यानं हळूच ढकललं, आणि तोंड उघडायच्या आत पाद्रीबाबांचे खांदे हलायला लागले. शेवटी बिचाऱ्या विधवेनंही हसू दाबायला रुमाल तोंडात कोंबला. नंतर ती म्हणाली, "बरं झालं आलात. ह्यांना तुमचं फार आवडायचं."

सिरिलला याचं वाईट वाटायचं. पण कोणी रस्त्यात अडवून "म्हणा ना एकदा!" म्हटलं की त्याला नाही म्हणता यायचं नाही. यॉर्कशरच्या गिरणीतला काटकसरी माणूस, हशा फुकट घालवणं त्याला पाप वाटायचं. विनोदी नटाचं दाणापाणी म्हणजे हशा. सिरिलनं मला एकदा सगळं नीट समजावून सांगितलं होतं. दार उघडलं की लगेच बोलायचं नाही. एक आवंढा गिळायचा. तेवढ्यात लोकांना कळतं की दारात कोण आहे, आणि ते हसायला तयार होतात. मग बोलायचं. आवंढा लांबला तर लोक थंडावतात, नाही गिळला तर त्यांच्या लक्षातच येत नाही.

"सगळं त्या आवंढ्यात आहे, मिस हॉबडे," तो म्हणाला होता. "वाक्य काय, कोणीही म्हणेल."

एकदा माझा हात सुटला आणि त्याच्या हशावर मी दार जरा लवकर आपटलं. पंधरवडाभर तो माझ्याशी बोलला नाही. 'गुड इव्हनिंग'सुद्धा दाराकडे बघून म्हणायचा.

तर अशा या माणसानं मला लग्नाची मागणी घातली.

आधी माझं सांगते, म्हणजे मी अशी का वागले ते कळेल. मी विनी हॉबडे, वय तेव्हा एकेचाळीस, राहणार क्रॉयडन. मी विनोदी नटांच्या कळपात काम करत होते आणि ती जमात मला चांगली ठाऊक होती. माझ्या वाढदिवसाला टेडीनं 'एका चाहत्याकडून' म्हणून गुलाब दिला; वास घ्यायला गेले तर त्यातून पाण्याची पिचकारी. तालमीत गुडघ्यावर बसून मला आजवर तिघांनी मागणी घातली होती, आणि तिन्ही वेळा मागे वादकांची खसखस. तिसऱ्याच्या डोक्यात मी फुटक्या बश्यांची बादली उपडी केली होती. त्यानंतर कोणाची हिंमत झाली नव्हती.

बुधवारी, मालिकेच्या शेवटच्या भागाच्या आदल्या दिवशी, सिरिल मला कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात घेऊन गेला. त्याला ऑस्ट्रेलियात नाटक कंपनीचं काम मिळालं होतं. शनिवारी बोट होती, आणि परत यायला दोन वर्षं. चहा आला, बन आले. त्यानं बनला लोणी लावलं, आणि मग त्याच बाजूला पुन्हा लोणी लावलं. लोण्याचं रेशन असलेल्या दिवसांत कोणी असं करत नसे. मला तेव्हाच समजायला हवं होतं.

"मिस हॉबडे," तो म्हणाला, "मी तुम्हाला काहीतरी विचारणार होतो."

एवढं म्हणायचा अवकाश, शेजारच्या टेबलावरच्या बाई गर्रकन वळल्या. "अगं बाई! तोच आवाज! आर्थर, तोच ना हा?"

"तोच!" आर्थर म्हणाला. "साहेब, म्हणा की एकदा."

"आत्ता जरा—"

"आमच्या हिच्यासाठी. पायाचं ऑपरेशन झालंय हिच्या."

चहा वाढणारी मुलगी किटली घेऊन जागीच थांबली. सिरिलनं माझ्याकडे केविलवाणं पाहिलं, आवंढा गिळला आणि म्हणाला, "मी अवेळी आलो का?"

दुकान हशानं कोसळलं. आर्थरची बायको ऑपरेशनचा पाय आपटत हसली. त्या गदारोळात सिरिल माझ्याकडे झुकला आणि म्हणाला, "माझ्याशी लग्न कराल का?"

ते वाढणाऱ्या मुलीनं ऐकलं. "लग्न म्हणे!" ती ओरडली. मग तर कोणाला श्वासच घेता येईना.

मी हातमोजे चढवले. "तालीम झाली असेल तर मी निघते, मिस्टर ओल्डरॉइड."

तो माझ्यामागे फुटपाथवर धावत आला. हातात अजून लोण्याची सुरी.

"अहो, मी खरं विचारतोय."

"खरं विचारायला प्रेक्षक लागत नाहीत."

"मी कुठे आणले ते? ते माझ्या आधीच येऊन बसलेले असतात!"

"मग मला सांगा," मी म्हणाले. मला रडू येत होतं आणि त्याचा मला भयंकर राग आला होता. "तुमच्यासारखा माणूस खरं बोलतोय की हशा घेतोय, हे बाईनं ओळखायचं कसं?"

तो उभाच राहिला. शेजारून एक बस गेली, आणि कंडक्टर दांड्याला लटकून ओरडला, "अवेळी आलात हो, साहेब!"

मी ट्राममध्ये बसून क्रॉयडनला गेले. घरी बहिणीनं विचारलं काय झालं, तर तिच्यावरच खेकसले. माझं त्याच्यावर प्रेम होतं, हे इथं स्पष्ट सांगून टाकते. नसतं तर मी हसून सोडून दिलं असतं.

गुरुवारी थिएटर खचाखच भरलेलं. रेडिओच्या कार्यक्रमाला प्रेक्षक बोलवायची पद्धत, म्हणजे घरी ऐकणाऱ्यांना हशा ऐकू यावा. आमचे निर्माते मिस्टर कार्स्टेअर्स काचेच्या खोलीत बसायचे. लष्करातून आले होते. त्यांचे दोन नियम होते. पहिला, प्रेक्षकांना हसवायला काही करून दाखवायचं नाही, कारण घरच्यांना ते दिसत नाही. दुसरा, लाल दिवा लागला की आवाजवाल्यांनी तोंडातून अक्षर काढायचं नाही. "तुम्ही वस्तू आहात, मिस हॉबडे," ते म्हणायचे. "वस्तू बोलत नाहीत." त्या बाबतीत माझी पाटी कोरी होती. एकदा दारात बोट चेंगरलं, तेव्हाही मी फक्त डोळे मिटले होते.

शेवटच्या भागात गेस्ट हाऊसची पाण्याची टाकी फुटते. मी टबात हात घालून पाणी घुसळत होते, एका पायानं भोंगा दाबत होते. टेडी अंघोळीच्या टबात बसून जिन्यावरून वाहत खाली येत होता, स्वयंपाकीण त्याला वल्हं म्हणून कढई देत होती, आणि लोक आधीच डोळे पुसत होते. सगळं टिपेला पोचलं. टेडीनं मला खूण केली. मी हात पुसत दाराशी गेले.

टकटक.

मी कडी काढली आणि दार उघडलं.

सिरिलनं दार हातानं थोडं ओढून असं धरलं की तो प्रेक्षकांना दिसू नये. त्याच्या डोक्यावर हॅट नव्हती. तळहातावर एक अंगठी होती, त्याच्या आईची असावी, जुनी, झिजलेली. लोक श्वास रोखून थांबले होते. देशभर चहाचे कप हवेत थांबले असतील. सिरिलनं मायक्रोफोनकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मी अवेळी आलो का?"

आवंढा न गिळता.

ना तो सभ्य नाटकी आवाज, ना काही. गिरणीतल्या पोराच्या यॉर्कशरी बोलीत, भसाड्या, घाबरलेल्या आवाजात तो म्हणाला. लोकांना कळलंच नाही की हे तेच वाक्य आहे. थिएटरमध्ये कोणी हसलं नाही. मागे एक बाई खोकली, ती सगळ्यांना ऐकू आली.

सात वर्षांत पहिल्यांदा त्या वाक्यावर हशा आला नव्हता. मालिकेचा शेवट, अख्खा देश कान लावून बसलेला, आणि सिरिल ओल्डरॉइडनं आपला हशा जाणूनबुजून जमिनीवर ओतून दिला. जो माणूस एका हशासाठी माझ्याशी पंधरा दिवस अबोला धरतो, त्यानं.

मला माझं उत्तर मिळालं.

टेडीचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो आपलं काम विसरला नाही. "हो!" तो किंचाळला, जरा जास्तच.

आता मी दार आपटायचं होतं. दाराची मूठ माझ्या हातात होती. काचेमागे मिस्टर कार्स्टेअर्स उभे राहिले. टेडीनं 'आपट, आपट' अशा खुणा केल्या. स्वयंपाकिणीनं कढई आपटून पाहिली. रेडिओवर शांतता म्हणजे मेल्यासारखं, आणि ती शांतता वाढतच चालली होती.

"हो!" टेडी पुन्हा ओरडला. "अवेळी! फार अवेळी!"

"नाही," मी म्हणाले. मायक्रोफोन वीतभर अंतरावर होता. "उशीर झालाय, पण चालेल. या आत."

मग हसण्याचा असा लोंढा आला की माझ्या टबातलं पाणी हललं. सात वर्षांतला सगळ्यात मोठा हशा, आणि तो मला मिळाला. सिरिल दारातच उभा राहून डोळे पुसत होता. टेडी मात्र खरा कलावंत. "अगं, पण त्याला आत घेतलंस तर बुडेल तो!" म्हणाला, आणि सूर धरायला वादकांकडे हात केला.

लाल दिवा विझल्याबरोबर मिस्टर कार्स्टेअर्स खाली आले.

"मिस हॉबडे, तुम्ही काय केलंत? किती लोकांनी ऐकलं, कल्पना आहे?"

"आहे, सर. म्हणून तर आता शब्द फिरवता येणार नाही."

"आणि माणूस आत घेतल्यावर पुढच्या मालिकेत दार कोणावर आपटायचं?"

"ते लिहिणाऱ्यांना विचारा. मी शनिवारी सिडनीला निघालेय."

"तुम्ही बडतर्फ आहात!" ते म्हणाले. मग खिशातून रुमाल काढला आणि नाक शिंकरलं. "अभिनंदन. आता जा इथून."

टेडीनं सिरिलच्या हातात हात दिला. "साल्या, तू माझ्या भागाचा शेवट खाल्लास," म्हणाला. आणि मला एक गुलाब दिला. मी आधी तो त्याच्याच नाकासमोर धरून दाबला. खरा निघाला.

सामान घेऊन आम्ही मागच्या गल्लीतल्या दाराशी आलो. मी दार उघडलं, आणि सिरिल सवयीनं झपकन बाहेर जाऊन पायरीवर उभा राहिला. कॉलर वर, हात खिशात, चेहरा दाराकडे. मी आतून त्याच्याकडे बघत राहिले.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. मी बाहेर आले आणि मागे हात करून दार धाडकन आपटलं. सवय होती. या खेपेला मात्र सिरिलच्या तोंडावर नाही. तो माझ्या शेजारी उभा होता.