कोळी किंग्जचा ड्रेस

तिसरी मीटिंग. अरुणकाकांचा तोच दुबईतल्या अल मनखूलचा फ्लॅट, तेच गार झालेले समोसे आणि तोच विषय: आमच्या मंडळाच्या क्रिकेट टीमचं ‘कोळी किंग्ज’ हे नाव ठेवायचं की बदलायचं.

टीममधल्या अकरा जणांत कोळी किती? शून्य! अख्ख्या मंडळात कोळी एकच, माझे बाबा, आणि ते मॅस्कॉट. गेल्या वर्षी हौसेनं हो म्हणाले होते. फोमची ढेरी, लाल टोपी, कमरेला रुमाल, हातात रबरी पापलेट. ते बाउंड्रीवर नाचायला लागले की समोरची पोरं नाक दाबून ओरडायची, "वास आला रे!" आमचीही हसायची. बाबाही हसले. घरी येऊन त्यांनी दोनदा आंघोळ केली, ते फक्त मी पाहिलं. आणि या शनिवारच्या मॅचला परत तेच.

"काका, यात कसलं आलंय कौतुक?" मी म्हटलं. गेल्या वर्षी मी इथे पाण्याचे ग्लास फिरवत होते. आता बोलते, आणि झकास बोलते! पण तिसऱ्यांदा तेच बोलताना मलाच माझा कंटाळा यायला लागला होता.

"अगं अस्मी, किंग्ज म्हणतोय ना आपण! मान देतोय."

"मग राजाचा वास का येतो?"

"पोरांचा जोक गं तो," सुमेधाकाकू म्हणाल्या. "आणि टी-शर्ट छापून आलेत."

काका बाबांकडे वळले. "सदानंद, तुझा समाज, तूच सांग. तुला वाईट वाटतं का?"

बाबा शिफ्ट संपवून थेट आले होते. मला वाटलं, नेहमीसारखं म्हणतील, जाऊ दे रे, खलास. त्यांनी ड्रेसची पिशवी उचलली आणि काकांच्या मांडीवर ठेवली.

"यंदा तू घाल."

"मी? अरे, मी स्पॉन्सरबरोबर बसणार ना!"

"मग तुझ्या रेयांशला घालू दे."

"छे! त्याच्या शाळेतली मुलं येतात तिथे," काकू पटकन बोलून गेल्या.

काकांनी पिशवी सोफ्यामागे सरकवली.

"बरं, यंदा मॅस्कॉट नको. नावाचं पुढच्या वर्षी बघू, इन्शाल्ला."

पुढच्या वर्षी? मी तोंड उघडलं, तोवर बाबा दाराशी चपला घालत होते.

लिफ्टमध्ये मी म्हटलं, "बाबा, अर्धंच जिंकलो."

"हो," त्यांनी आरशाला डोकं टेकलं. "शनिवारी मला झोपू दे."