साडेसहाचं ऊन

सरांनी वाक्य खोडलं आणि खाली पुन्हा तेच लिहिलं: ‘आपला देश आकाराने फार मोठा आहे.’ सहावीच्या भूगोलाचा हा पहिला धडा संपादकबाईंनी दोनदा परत पाठवला होता. डोंगर, नद्या, लोकसंख्या सगळं आहे, पण मुलांना मोठेपणा जाणवत नाही, असा समासात शेरा. चाळीस वर्षं शिकवून ज्यांचं नाव शाळेत ‘अक्षांश सर’ पडलं, त्यांना आता कालची पोर मोठेपणा शिकवणार! सर दोन दिवस धुसफुसले आणि मग मुकाट्याने लिहायला बसले. पुढच्या वर्षी नातू सहावीत जाणार होता, त्याच्या हातात हेच पुस्तक पडणार होतं, आणि त्याचा अभ्यास त्याचे वडील, म्हणजे सरांचा मुलगाच, घ्यायचा.

मोठेपणा सरांना चांगलाच ठाऊक होता. ते देशाच्या पश्चिम टोकाला आणि मुलगा नोकरीसाठी पार पूर्वेला, गाडीने तीन दिवस. बायको गेल्यापासून घरात आवाज करणाऱ्या वस्तू दोनच, फोन आणि कुकर, आणि त्यातही कुकरच जास्त बोलायचा. म्हणून त्यांनी घरचंच उदाहरण घेतलं:

‘देशभर घड्याळ एकच. सूर्य मात्र पूर्वेला दोन तास आधी उगवतो आणि दोन तास आधी मावळतो. पश्चिमेकडचे बाबा संध्याकाळी साडेसहाला उन्हात बसलेले असतात, तेव्हा पूर्वेकडच्या मुलाच्या घरी केव्हाच दिवे लागलेले असतात.’

वाचून सर स्वतःवरच खूश झाले. तेवढ्यात फोन वाजला. मुलगाच होता. सर सकाळपासून त्याचीच वाट पाहत होते. गुरुवारी डोळ्याचं ऑपरेशन होतं, आणि सोबत घरचं माणूस हवंच, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

“बाबा, नाही हो जमत. रजेचं अडलंय. आणि निघालो तरी तीन दिवस गाडीतच जाणार.”

“हो, ते आहेच.”

“जवळ असतो तर उभ्या उभ्या येऊन गेलो असतो.”

“आत्ता ऑफिसात आहेस का?”

“नाही, घरी. गॅलरीत बसलोय. थांबा हं, ऊन थेट डोळ्यांवर येतंय, खुर्ची फिरवतो.”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सरांच्या कागदावरही ऊन पडलं होतं, तिरपं आणि पिवळं. घड्याळात सहा पस्तीस झाले होते. तिकडे नवीन असताना हाच मुलगा सहा महिने रडगाणं गायचा की पाच वाजताच काळोख पडतो, जीव रमत नाही. त्याची सासुरवाडी मात्र इथून दोन तासांवर होती, आणि शाळांना सुट्ट्या लागल्या होत्या.

भूगोलाच्या मास्तरचा मुलगा, आणि चुकला कुठे तर उन्हात! सरांना आधी हसूच आलं. मग फार वाईट वाटलं.

“बाबा? ऐकताय ना?”

“ऐकतोय. फिरवलीस खुर्ची?”

“हो.”

“बरं केलंस. माझी काळजी करू नकोस.”

फोन ठेवून ते शेजारच्या शिंप्याकडे गेले. शिंपी बटण लावत होता.

“गुरुवारी जरा माझ्याबरोबर दवाखान्यात याल का?”

“येईन की, त्यात काय! पण चिरंजीव नाही येत?”

“तो फार लांब असतो हो,” सर म्हणाले. “त्याला कसं जमणार?”

शिंप्याने मान डोलावली आणि दोरा दातांनी तोडला.

परत आल्यावर सर पुन्हा धड्यापुढे बसले. तो परिच्छेद त्यांनी दोनदा वाचला. मग ‘बाबा’ आणि ‘मुलगा’ हे दोन्ही शब्द, खालचं अक्षर दिसणार नाही असे, गिरवून गिरवून खोडले. वर लिहिलं: ‘एक माणूस’ आणि ‘दुसरा माणूस’.

बाईंना उदाहरण कोरडं वाटणार, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी पाकीट चिकटवून टाकलं.